हल्ली काय ऐकतोस?

धाकटीने मशीनचं झाकण उघडलं, पाण्यात बुडालेली चादर दोन्ही हातांनी वर ओढली आणि न्हाणीघरात बादलीवर धरून पिळायला घेतली. मशीन कालपासून रुसलं होतं. कपडे फिरवायला लागलं की आधी घरघर, मग खरखर, मग सगळं घर हादरेल असा दणका, आणि पुन्हा घरघर. मेकॅनिक म्हणाला होता, ताई, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, ऐकलं की सांगतो काय बिघडलंय ते. तिने सकाळी रेकॉर्ड करून पाठवलाही होता.

ओल्या हातानेच तिने फोन उचलला. मेकॅनिकचा निरोप आला होता.

"ताई, गाणं छान आहे. घरी सगळ्यांना ऐकवलं. पण मशीनचा आवाज पाठवा ना."

ती हसली. घाईत उलटसुलट झालं होतं तर. आज शुक्रवार, आणि शुक्रवारी दादाला गाणं पाठवायचं हा त्यांचा नेम. त्याचं गाणं मेकॅनिकला गेलं आणि मशीनची घरघर दादाला. आता दादा आठवडाभर आपली सालं काढणार, अशा तयारीने तिने त्याचा निरोप उघडला.

"ऐकलं. सुरुवात संथ आहे, पण पुढे रंगत जातं. दोनदा ऐकलं. आवाज कोणाचा?"

तिने तो निरोप पुन्हा वाचला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन आईला वाचून दाखवला. आई पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. रविवारी तिला दादाकडे जायचं होतं. सहा महिने लेकीकडे, सहा महिने लेकाकडे, असं गेली काही वर्षं चाललं होतं, आणि आपली पिशवी आपणच भरायची असा तिचा हट्ट असे.

"मस्करी करत असेल," आई म्हणाली, पण मोजा तिच्या हातातच राहिला.

धाकटीने दादाला लिहिलं, "ओळख बघू, कोणाचा आवाज."

उत्तर लगेच आलं. "ओळखीचा वाटतोय. नाव अगदी ओठांवर आहे."

मस्करी अशी नसते. तिला आधी कानकोंडं झालं आणि मग राग आला. दादा म्हणजे घरातला कानसेन. लहानपणी स्वयंपाकघराच्या फळीवर रेडिओ असायचा, आणि तो तिला ओट्याजवळ उभं करून विचारायचा, आता मागे काय वाजलं सांग. गाण्यामागचं वाद्य ओळखता आलं नाही तर टपली. ती घराबाहेर पडली, नोकरीला लागली, लग्न झालं, पण शुक्रवारचं गाणं चुकलं नाही. "हल्ली काय ऐकतेस?" असं दादाने विचारलं की त्याचा अर्थ कशी आहेस असा असे. नवऱ्यापासून वेगळी झाली ते तिने आईला सांगायच्या आधी दादाला कळलं होतं. सांगितलं नव्हतं, एक गाणं पाठवलं होतं. तो त्याच दिवशी येऊन दारात उभा राहिला होता.

आणि आता हा गृहस्थ न ऐकताच 'रंगत जातं' म्हणून मोकळा होतो. म्हणजे किती दिवस हे चाललंय? आपण मेली गाणी निवडत बसतो, हे नको, ते नको, आणि तिकडे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्याकडून येणारी गाणीही गेलं वर्षभर जुनीपानी, रेडिओच्या वेळची. 'म्हातारा झालास' म्हणून तिने चिडवलंही होतं. आता तिला वाटलं, हाताला लागेल ते पाठवत असणार. तिने फोन लावला. त्याने उचलला नाही. तो हल्ली उचलतच नसे. दुकानात गिऱ्हाईक असतं, लिहून पाठवत जा, हे त्याचं ठरलेलं.

"उद्या जातेच त्याच्याकडे," ती म्हणाली.

"कशाला? परवा येणारच आहे तो मला न्यायला."

"तुझ्या गोळ्या आणायच्यात."

"गोळ्या आहेत," आई म्हणाली. धाकटीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी ती कामावरून लवकर निघाली. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायची. आईच्या तोंडातले दातही तिच्याच हातचे. आई फटकळ बोलली की ती म्हणे, दोष माझ्या कारागिरीचा. नखांत अडकलेलं प्लास्टर काढत ती दादाच्या औषधांच्या दुकानाशी आली. काय बोलायचं ते तिने वाटेत तीनतीनदा घोकलं होतं.

दादा पाठमोरा होता. शिडीवर उभा राहून वरच्या खणात खोकी लावत होता. कानात वायर होती, नेहमीसारखीच.

"दादा."

तो खोकी लावत राहिला.

"दादा, अरे!"

काउंटरपाशी उभे असलेले एक आजोबा हसले. "गाण्यात आहे तो. असाच असतो. थांबा, बघेल आपोआप."

दादाने कपाटाची काच सरकवली. काचेत त्याला दोघं दिसली असावीत. तो घाईघाईने उतरला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा राग तिथेच थोडा ढिला पडला.

"अगं, तू? केव्हा आलीस?" तो जरा मोठ्यानेच म्हणाला.

आजोबांनी खोकल्याचं औषध मागितलं. दादाने हात पुढे केला. "चिठ्ठी."

"अरे, नेहमीचंच ते."

"चिठ्ठी दाखवा, आजोबा. चिठ्ठीशिवाय देत नाही."

आजोबांनी कुरकुरत खिशातून कागद काढला. तिच्याकडे वळून म्हणाले, "शिस्तीचा माणूस. असा दुकानदार मिळायचा नाही."

दादाने कागद वाचला आणि औषध काढायला खाली वाकला. वाकताना त्याच्या सदऱ्याच्या खिशातून वायरचं टोक बाहेर पडलं. टोकाची पिन छातीपाशी हवेत लोंबत राहिली. फोन तिकडे लांब, भिंतीशी चार्जिंगला लावलेला होता. दादाने सवयीने, न बघताच, पिन उचलून खिशात सारली आणि बाटली काउंटरवर ठेवली.

धाकटीने भिंतीशी लावलेल्या फोनकडे पाहिलं, मग त्याच्या खिशाकडे. आजोबा पैसे देऊन गेले. दादा तिच्याकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. हे तिला आजच दिसलं. तिने मान जरा वळवली, रस्त्याकडे बघत विचारलं, "मशीन दुरुस्त करायला माणूस आहे का कोणी ओळखीचा?"

"हो, हो," दादा म्हणाला. "आई मजेत ना?"

ती पुन्हा त्याच्याकडे वळली. "मजेत आहे," ती सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाली. "गोळ्या हव्या होत्या तिच्या."

त्याने गोळ्या दिल्या, पैसे घेतले नाहीत, आणि निघताना नेहमीसारखी टपली मारली. ती कोपऱ्यापर्यंत कशीबशी आली. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडली.

घरी आली तेव्हा आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

आईने काय म्हणून विचारलं नाही. "गेल्या खेपेला कळलं. दूध उतू जात होतं, मी इकडून ओरडले. तो तिथेच पेपर वाचत बसलेला. मान वर केली नाही."

"मग रात्री तुला उठायचं असलं की काय करायचीस?"

"दिव्याचं बटण दाबायचं. माझ्या खोलीतला उजेड त्याच्या अंथरुणावर पडतो. लगेच उठायचा. झोप सावध आहे त्याची."

"आणि मला सांगायचं नाही?"

"त्याने मला सांगितलेलं नाही, मी तुला काय सांगू? झाकली मूठ आहे, राहू दे झाकलेली. एवढा कानाचा तोरा त्याचा. तेवढंच होतं त्याच्याकडे."

"अगं, पण तू पडलीस म्हणजे? जमिनीवरून बटण कसं दाबशील?"

मागच्या वर्षी आई इथेच, न्हाणीघराच्या दारात पडली होती. धाकटीने हाक ऐकली म्हणून निभावलं. ते दोघींनाही आठवत होतं. आईने पिशवीची चेन थोडी उघडली, आणि पुन्हा लावली.

"तू मला नाही पाठवलंस तर तो विचारेल का म्हणून," ती शेवटी म्हणाली. "काय सांगशील?"

धाकटी खुर्चीत बसली. दादाचे वर्षभराचे निरोप तिने वर सरकवत वाचले. प्रत्येक वेळी आधी 'कोणाचं आहे?' आणि मग दुसऱ्या दिवशी चार चांगली वाक्यं. ती वाक्यं त्याची नव्हती. गाण्याखाली लोक लिहितात ती होती, हे आता वाचताना कोणालाही कळलं असतं. तिलाच कळलं नव्हतं. मशीनच्या घरघरीखाली कोणी काही लिहिलेलं नव्हतं, तेव्हा बिचाऱ्याला पदरचं लिहावं लागलं. आणि जुनी गाणी का, तेही कळलं. म्हातारा झालास म्हटल्यावर त्याने एक हसरा चेहरा पाठवला होता, तो अजून तिथेच होता.

तिने लिहायला घेतलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. आई तिच्याकडे बघत होती.

"कशाला उकरतेस?"

"आम्ही एकमेकांशी कधी खोटं बोललो नाही, आई. निदान यात तरी नाही."

तिने लिहिलं, "दादा, कालचं गाणं नव्हतं. मशीन बिघडलंय, त्याचा आवाज होता. चुकून तुला आला. खरं सांग, हल्ली काय ऐकतोस?"

निरोप पोचला. त्याने वाचला. त्यानंतर काहीच नाही. आई उठून भांडी आवरायला लागली, आवरलेलीच भांडी. बाहेर अजून उजेड होता. धाकटीला वाटलं, आपण त्याच्या उघड्या जखमेवर बोट ठेवलं, आता तो बोलायचाच नाही.

फोन वाजला. दादाचा होता. वर्षभरात पहिल्यांदा. तिने तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"मी बोलतो," दादा म्हणाला. दुकान बंद करून बोलत असावा, मागे कसलीच गडबड नव्हती. "तू ऐक. म्हणजे बोललीस तरी चालेल, पण मला कळायचं नाही."

"बोल," ती म्हणाली.

"कान दाखवून झालेत. यंत्रही घेतलंय. ते लावलं की माणसं काय म्हणतात ते थोडंफार कळतं. पण गाणं लावलं तर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं येतं. मला ते सहन होत नाही. म्हणून यंत्र लावत नाही. वायर घालतो. लोकांना वाटतं ऐकतोय." तो थांबला. "जुनी तेवढी कळतात. कळतात म्हणजे आठवतात. नवीन काही आत येत नाही. तुझी गाणी मी लावतो सगळी. अगदी शेवटपर्यंत. तेवढं खोटं नाही."

आई हात पुसत टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"उद्या आईला न्यायला येत नाही मी. तिला तुझ्याकडेच राहू दे. गेल्या खेपेला दिवा लावायची बिचारी. तिला वाटतं मला कळलं नाही ते. तिला सांगू नकोस. मी दिव्याच्या धाकाने झोपायचोच नाही. दुकानात दुसऱ्या दिवशी हात थरथरायचे. एखाद्या दिवशी चुकीची गोळी जाईल कोणाला. नको आता."

आई खुर्चीवर बसली. तिने पदराने नाही, हाताच्या पंजानेच तोंड पुसलं.

"आणि विचारलंस ना," दादा म्हणाला, "हल्ली काय ऐकतो. एकच चालू असतं कानात. जाग आल्यापासून. कोणाला सांगितलं नाही, सांगून कळणारही नाही. थांब, ऐकवतो."

फोनमधून एक सूर आला. ओठ मिटून धरलेला, बारीक, वरचा, एकच. दादा तो वर नेत नव्हता की खाली आणत नव्हता. श्वास संपला की सूर तुटे, आणि पुन्हा नेमका तिथेच लागे. त्यात ना शब्द, ना ठेका, ना मागे वाजणारं काही. धाकटीने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ऐकलं. लहानपणी ओट्याजवळ उभी राहून ऐकायची तसं, टपलीच्या भीतीने, नीट.

तो थांबेना. ऐकलं आम्ही, पुरे आता, असं त्याला सांगणार कसं?

"ऐकतोय रे," आई फोनवर वाकून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती उठली. दाराशी जाऊन चपला शोधायला लागली.

"कुठे निघालीस?"

"पिशवी घे."

"अगं, तो नको म्हणाला. ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुझेही दोन कपडे टाक तिच्यात. तो झोपेल तेव्हा तू जागी राहा, म्हणजे झालं." आईने एका पायात चप्पल घातली, दुसऱ्यासाठी भिंतीचा आधार घेतला. "रविवारपर्यंत थांबायचं कशाला?"

धाकटीने दोरीवरचे दोन कपडे ओढले. ते अजून दमट होते, तसेच पिशवीत कोंबले आणि फोन उचलला. सूर चालूच होता. जिन्यात आई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. धाकटीला पिशवी आणि आईचा दंड असं दोन्ही धरायचं होतं, म्हणून तिचा अंगठा फोन बंद करायला सरकला.

"ठेवू नकोस," आई म्हणाली.

तिने पिशवी खांद्याला अडकवली, फोन आईच्या हातात दिला आणि आईचा दंड धरला.