जपानचा पट आणि आमची मेंढरं

आमची नात संस्कृती गेल्या हिवाळ्यात लागोपाठ तीन कुस्त्या हरली. तिसरी हरून घरी आली तेव्हा तिचा बाप, म्हणजे माझा तानाजी, मेंढरं जाळीत कोंडत होता. मागं वळूनही न बघता तो म्हणाला, "पुढच्या म्हैन्यात बीडला जिल्ह्याची निवड हाय. तिथं हरलीस तर तालीम बंद. सकाळी मेंढरं सोडायला माणूस लागतंय मला."

पोरगी हातपाय धुऊन जेवायला बसली. भाकरी मात्र तीन खाल्ल्या.

साठीत अक्षरं शिकल्यापासून मी पेपर सोडत नाही. सावकाश वाचतो, पण जाहिरातीसकट वाचतो. त्यात जपानच्या कुस्तीवर लिहून आलं होतं. पॅरिसच्या ऑलिंपिकात बायकांचे सहा वजनगट होते. जपानच्या सहा पोरी गेल्या आणि सहाही जणींनी पदक आणलं, त्यातली चार सोन्याची.

"सहा गेल्या, सहा जिंकून आल्या," मी बायकोला, बायनाबाईला सांगितलं. "एक मेंढरू वाटंत हरवलं न्हाई."

"अन् तुमी मागच्या साली तीन हरवली," ती म्हणाली.

संस्कृतीनं मोबाइलवर त्यातल्या एका पोरीची कुस्ती लावली. मी चष्मा पुसून चारदा बघितली. ती पोरगी समोरचीच्या डोळ्यांत बघत उभी होती आणि डोळा न हलवता खाली गेली, पाय धरला, आडवी केली.

"ही पोरगी मेंढरं धरलेली हाय," मी म्हणालो.

"आबा, ती जपानची हाय."

"मग? जपानात मेंढरं न्हाईत व्हय?"

मेंढरू धरायचं तर ज्या पायाला हात घालायचा त्याच्याकडं बघायचं नाही. बघितलं की ते पळालंच. आमची पोर पट काढायच्या, म्हणजे पाय धरून पाडायच्या, आधी नेमकी पायाकडं बघायची. तिचे वस्ताद हरिबा तिला हेच सांगून दमले होते, पण माणसाच्या बाबतीत सांगितलेलं तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

जंताचं औषध पाजायचं राहिलंच होतं. मी तिला कळपात सोडलं. ती एकेक मेंढरू मागच्या पायाला धरायची, बायनाबाई बाटली घेऊन डुलत यायची आणि औषध पाजायची. पहिल्या दिवशी पोरगी शेणात चारदा पडली. आठवड्यात सगळा कळप तिला बघून लांब सरकायला लागला. औषध संपलं तरी आम्ही थांबलो नाही; बायनाबाई नुसतं पाणी पाजत होती.

निवडीच्या दिवशी हरिबा, तानाजी आणि मी संस्कृतीला घेऊन वडवणीहून एसटीनं बीडला गेलो. शेवटची कुस्ती गेवराईकडच्या बबिताशी होती. तिचे हात लांब. तिनं सुरुवातीलाच दोन गुण घेतले.

मग आमची पोरगी खाली गेली. डोळे वर, हात थेट घोट्यावर. काय पाय धरला! मी उठून उभा राहिलो. आणि ती पाय धरून तशीच थांबली. गच्च धरलेला, पण हलेना. पंचांनी शिट्टी मारून दोघींना उभं केलं. दुसऱ्यांदा तेच. पाय हातात आणि पोरगी खुंटासारखी.

"आरं, ही थांबती कावून?" हरिबांनी कपाळाला हात लावला. "गहिनीनाथ, काय शिकविलंस बे पोरीला?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. महिनाभर तिनं पाय धरला की आज्जी येईपर्यंत दम धरला होता. माझीच चूक. तानाजी पिशवी उचलून दाराकडं निघाला होता. अर्धा मिनिट उरलं होतं. मी कठड्यावरून ओरडलो, "संस्कृते! आज्जी घरी हाय! कुनी औषध घिऊन येत न्हाई! ढकल पुढं!"

आजूबाजूचे लोक हसले. पंचही हसले असतील, मला दिसलं नाही. संस्कृतीनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग बबिताच्या डोळ्यांत, आणि गेली खाली. या वेळी पाय धरून थांबली नाही. बबिता पाठीवर आणि आमची पोरगी तिच्या छातीवर. पंचांनी गादीवर हात आपटला. चितपट.

तानाजी दारात पिशवी छातीशी धरून उभा होता.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली. अर्धी वाट मागं गेल्यावर तानाजी म्हणाला, "आबा, त्या जपानच्या पोरी सकाळी किती वाजता उठत्यात?"

"त्ये पेपरात आलं न्हाई."

"चारला उठत असतील?"

"आसतील की."

मग तो झोपलेल्या पोरीच्या पायावर आपला शेला टाकत म्हणाला, "उद्यापून मेंढरं मी सोडतो. हिला तालमीला जाऊ द्या."

घरी बायनाबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "चार दिस सोडंल." आज पाच महिने झाले, तो सोडतोय. रोज उशिरा सोडतो, पण सोडतो.