नऊ टोप्या आणि तीन राखीव

खो-खोच्या मैदानात नऊजणी उतरतात. नीलम्मांनी नातीला विचारलं होतं, "किती पोरी खेळत्यात गं?" सुष्मिता म्हणाली होती, "नऊ." चूक तिथंच झाली.

१९९७ ची दिवाळी नुकतीच संपली होती. सुष्मिताच्या शाळेच्या संघाला पंजाबातल्या एका निमंत्रित स्पर्धेचं सलग दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं होतं. पाच जानेवारीला निघायचं होतं. कोल्हापुरात थंडी जेमतेम पंधरा दिवसांची, आणि तेव्हाही दुपारचं ऊन चटके देतं. त्यामुळे बहुतेक मुलींकडे लोकरीचा कपडाच नव्हता. आदल्या वर्षी टॉवेल, चादर, भावाचा मफलर, जे हाताला लागलं ते गुंडाळून त्या तिकडे वावरल्या होत्या. यंदा नीलम्मा म्हणाल्या, "टोपी आणि मफलर मी विणते. सगळ्यांना एकसारखं."

नीलम्मा तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. माहेर संकेश्वरकडचं. मंगळवार पेठेत नवऱ्याचं, ईरप्पांचं, किराणा दुकान आणि त्याच्यामागे दोन खोल्या. चाळीस वर्षं त्या विणत होत्या. विणताना दर दहा ओळींनी त्या काम पुठ्ठ्याच्या पट्टीला लावून बघत. पट्टीपेक्षा दोराभर जास्त भरलं तरी दहाच्या दहा ओळी उसवत, आणि त्याबद्दल कुणाला काही सांगतही नसत.

एका जोडाला, म्हणजे एक टोपी आणि एक चार फुटी मफलर यांना, पन्नास ग्रॅमचे चार गुंडे लागत. नऊ जोडांचे छत्तीस गुंडे मरून रंगाची लोकर त्यांनी एकाच वेळी आणली. लोकर रंगवताना प्रत्येक खेपेला रंग थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून वेष्टनावर रंगाच्या नंबराखाली बारीक अक्षरांत लॉटचा नंबर असतो. नीलम्मांनी छत्तीसही वेष्टनं डोळ्यांजवळ धरून तपासली होती.

वीस डिसेंबरला नऊ जोड तयार झाले. परसातल्या दोरीवर ते ओळीनं टांगले होते आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचली होती. त्या संध्याकाळी सरावानंतर सुष्मिता संघातल्या एका मुलीला घरी घेऊन आली. मुलगी आठवीतली, चणीनं बारीक. ती दोरीच्या एका टोकापासून चिठ्ठ्या वाचत दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"लई भारी झाल्यात, आज्जी," असं म्हणून ती चप्पल घालायला लागली.

"थांब. नाव काय तुझं?"

"स्वप्नाली."

"तुझी चिठ्ठी कुठं हाय?"

"मी राखीव हाय की. आम्ही तिघी राखीव. आम्हाला काय करायचंय?"

नीलम्मांनी नातीकडे पाहिलं. सुष्मितानं आतून गेल्या वर्षीचा संघाचा फोटो आणला. त्यात अकराच मुली होत्या.

"हिनं पिवळी फुलाफुलांची चादर गुंडाळलेली," सुष्मिता म्हणाली. "फोटोवाला म्हणाला, इसको साइड में करो."

"आणि हे तू मला आज सांगतीस?"

"अज्जी, तू किती खेळत्यात म्हणून विचारलंस! किती जाणार हायत ते विचारलंच न्हाईस."

नीलम्मांनी स्वप्नालीच्या डोक्याला दोरा लावून माप घेतलं आणि म्हणाल्या, "यंदाच्या फोटोत बाराजणी दिसल्या पायजेत."

त्याच संध्याकाळी ईरप्पा सायकल काढून महाद्वार रोडला गेले. रंगाचा नंबर त्यांनी दोनदा ताडून पाहिला आणि बारा गुंडे घेऊन आले. बारीक अक्षरांतल्या लॉटच्या नंबराची त्यांना कल्पनाच नव्हती. सकाळी नीलम्मांनी एक गुंडा उन्हात नेऊन तयार टोपीजवळ धरला. नवी लोकर जांभळट होती.

"ट्यूबलाइटखाली बघून आणलासा?"

"मग काय, सूर्य उगवंस्तोवर दुकानात बसून ऱ्हाऊ?" ईरप्पा म्हणाले. पण पुन्हा सायकल काढून ते आणखी तीन दुकानं फिरून आले. जुन्या लॉटचा एकही गुंडा कुठे शिल्लक नव्हता.

दुपारी संघाचे प्रशिक्षक कृष्णात सर आले. शेजारच्या शालूबाई भिंतीला टेकून ऊन खात बसल्या होत्या. सरांनी गुंडा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"आज्जी, एवढ्यातेवढ्या फरकाचं काय घेऊन बसलाय? ह्याचे तीन जोड करा, राखीवांना द्या. त्या कडेला बसून असणार. कोण बघतंय?"

"फोटोवाला बघतोय," नीलम्मा म्हणाल्या.

"आवो, पंधरा दिस ऱ्हायल्यात," शालूबाई म्हणाल्या. "जांभळी तर जांभळी, कान झाकल्याशी मतलब."

"जांभळी कुणाची, तेबी सांग. तुझ्या पोरीची असती तर?"

सर चहा पिऊन गेले.

नीलम्मांनी दुकानातला तराजू आत मागवला. एका पारड्यात पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं. मग दोरीवरून एक जोड काढला, त्याची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि मफलरचं शेवटचं टोक उसवायला घेतलं. चिठ्ठी सुष्मिताची होती.

"डोकं फिरलंय का, आक्का?" शालूबाई उठूनच आल्या. "तयार झालेलं उसवताय?"

"सगळं न्हाय. पावच."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नवे गुंडे बारा आणि पोरीही बारा. प्रत्येकीच्या जोडात एक गुंडा नवा घालायचा. त्यासाठी नऊ तयार जोडांतून एकेक गुंडा जुनी लोकर मोकळी करायची, म्हणजे नऊ गुंडे निघतील. राखीव तिघींना तीन-तीन गुंडे जुनी लोकर मिळेल, आणि चौथा नवा. बाराही जोड एका हिशेबाचे होतील.

शालूबाईंनी बोटांवर दोनदा मोजलं. "बसतंय की!"

"बसणारच. पण दिसायला मुद्दाम केल्यागत दिसलं पायजे."

विणकाम उसवतं ते शेवटच्या ओळीकडून. टोपी काठापासून शेंड्याकडे विणलेली, म्हणून टोपीचा शेंडा जांभळट होणार आणि मफलरचं एक टोक जांभळट होणार. सांधा कुठं येईल ते नीलम्मांनी ठरवून टाकलं. टोपीला चव्वेचाळिसाव्या ओळीवर, मफलरला बरोबर तीन फुटांवर. बाराही जोडांत तिथंच. एक ओळ वर नाही, एक ओळ खाली नाही.

उसवलेली लोकर कुरळी होते आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर तिच्या लड्या केल्या, कोमट पाण्यातून काढल्या आणि ताण बसावा म्हणून खाली तांबे बांधून परसात टांगल्या. दोन दिवस परसात तांबेच लोंबत होते. ईरप्पांना आंघोळीला तांब्या मिळाला नाही. त्यांनी डबा वापरला आणि तक्रार केली नाही.

एकटीनं हे पुरं होणार नव्हतं. आसपास विणता येणारी एकच, शालूबाई, आणि तिचा हात सैल. तेवढ्याच टाक्यांची तिची टोपी नीलम्मांच्या टोपीपेक्षा बोटभर मोठी व्हायची. नीलम्मांनी तिला एक नंबर बारीक सुया दिल्या आणि आधी तळहाताएवढा चौकोन विणायला लावला. तो पट्टीला लावला आणि उसवायला सांगितलं. दुसरा विणला, तोही उसवायला सांगितला.

"माझ्या लग्नात बी एवढी पारख झाली न्हवती," शालूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर नवऱ्याच्या नावानं रडत असतीस. वीण."

चौथा चौकोन पट्टीला बरोबर बसला. त्यानंतर शालूबाई रोज जेवण आटोपून यायच्या आणि ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत बसायच्या. नीलम्मा पहाटेपासून बसलेल्या असत. मोजताना दोघींपैकी कुणीच बोलत नसे. गल्लीतून जाणारे थांबून विचारत, तर ईरप्पाच दुकानातून हात करून त्यांना गप्प बसवत.

तीन जानेवारीला दुपारी शेवटच्या टोपीची शिवण झाली. नीलम्मांनी बाराही जोड उन्हात अंथरले. मरून टोपीवर गडद शेंडा, मरून मफलरला एका बाजूला फूटभर गडद टोक. बघणाऱ्याला वाटावं, संघासाठी मुद्दाम बेतलेला नमुना आहे. कृष्णात सरांना तसंच वाटलं. "आज्जी, डिझाइन झकास काढलंय," ते म्हणाले. नीलम्मांनी त्यांना खरं सांगितलं नाही.

संध्याकाळी मुली आल्या. जुन्या नऊ चिठ्ठ्या नीलम्मांनी सकाळीच चुलीत घातल्या होत्या.

"माझी कुठली, अज्जी?" सुष्मितानं विचारलं.

"कुठलीबी. सगळ्या सारख्याच हायत."

मुली ढिगाभोवती गोळा झाल्या. स्वप्नाली सवयीनं मागे उभी होती. नीलम्मांनी तिला हाताला धरून पुढे घेतलं. "तू पयली उचल." तिनं सगळ्यात वरचा, शालूबाईंच्या हातचा जोड उचलला, टोपी कानांवर ओढली आणि थंडी नसतानाही तशीच उभी राहिली.

संघ उपांत्य फेरीत हरून परत आला. स्वप्नालीला एका सामन्यात शेवटची चार मिनिटं उतरवलं होतं. त्यात तिनं दोघींना बाद केलं. फोटो फेब्रुवारीत आला. नीलम्मांनी चष्मा पुसला आणि तो दाराच्या उजेडात नेला. आधी मोजल्या. बारा होत्या. सगळ्यांच्या टोप्या भुवयांपर्यंत, सगळ्यांच्या मफलरचं गडद टोक डाव्या खांद्यावरून पुढे.

त्यांनी मधल्या एकीवर बोट ठेवलं. "ही तू. हसतीस बघ कशी."

"अज्जी, मी न्हवं ती. ती स्वप्नाली."

नीलम्मांनी फोटो आणखी जवळ धरला. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "व्हय की." मग बोट मुलीच्या चेहऱ्यावरून टोपीवर सरकलं, चव्वेचाळिसाव्या ओळीपाशी थांबलं. त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, "शालू, ये हिकडं. तुझी टोपी मधी उभी हाय बघ."