बुरुलचाने कुणाला हाक मारली

मी एक तंबू बोलतोय. तंबू म्हटलं की तुम्हाला लग्नातली कनात आठवेल, म्हणून आधीच सांगतो, मी तसला नाही. माझ्या भिंती वाळुंजाच्या काठ्यांच्या जाळीच्या, अंगावर लोकरीचे जाड नमदे आणि माथ्यावर एक लाकडी चाक. त्यातून धूर जातो, आभाळ दिसतं. नारीन नदीच्या काठचे आमचे किरगीज लोक मला घर म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. सध्या मात्र मी कुणाचंच घर नाही. शारशे नावाच्या माणसाच्या गोठ्यात, गवताच्या भाऱ्यांमागे मला दोरांनी बांधून टाकलं आहे. नमद्यांना कसर लागली आहे.

मला केलं बुरुलचाच्या आईने, लेकीच्या लग्नासाठी. गल्लीतल्या बायका जमल्या, लोकर झोडपली, वेताच्या चटईवर पसरली. सुरुवात करताना बुरुलचाची म्हातारी आई ‘बिस्मिल्ला’ म्हणाली. उकळतं पाणी ओतताना जुन्या देवीचं नाव घेऊन पुटपुटली, ‘हा माझा हात नव्हे, उमाई आईचा हात.’ नमदा छान जमला तेव्हा वर बघून आभाळाच्या देवाला म्हणाली, ‘तेंगिरची कृपा.’ आणि कंबर धरून उठताना, ‘ऐ कुदाई,’ म्हणजे अरे देवा.

“अगं, इतक्या जणांना बोलावतेस, चहा पुरेल का?” एकीने चिडवलं.

“हाक मारणं माझं काम,” म्हातारी म्हणाली. “कोण येतो ते बघत बसायला मला वेळ नाही.”

बायका हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. त्या काळच्या कम्युनिस्ट सरकारला एकही देव चालत नव्हता, त्यामुळे लोकांना सगळेच चालायचे.

बुरुलचा आणि तिचा नवरा असानाली दर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन डोंगरावरच्या कुरणात जायचे आणि मला तिथे उभं करायचे, दर वेळी त्याच जागी, ओढ्याच्या वर. त्यांची लेक साल्किन माझ्यातच जन्मली, तिचा धाकटा भाऊही. खाली गावात असलो की मला दुसरं काम असायचं. आमच्याकडे माणूस गेलं की अंगणात तंबू उभारतात, त्याला आत ठेवतात, आणि घरच्या बायका भिंतीकडे तोंड करून कोशोक गातात, म्हणजे गेलेल्याचे गुण गात रडतात. सगळ्यांकडे तंबू कुठला असणार? मग लोक बुरुलचाकडे यायचे. मला द्यायला ती कधी नाही म्हणाली नाही. गावातली निम्मी मेलेली माणसं माझ्यात शेवटची राहून गेली आहेत.

असानाली गेला तेव्हा त्यालाही माझ्यातूनच गावामागच्या टेकडीवर नेलं. मग मुलगा रशियात बांधकामावर गेला आणि पेटीतून परत आला. त्याला बापाच्या शेजारी पुरलं. तेव्हापासून बुरुलचा एकच सांगायची, “मला त्या दोघांच्या मध्ये ठेवा. तेवढं केलंत की झालं.”

मुलगा गेल्यावर तिने अन्न टाकलं. तालुक्याच्या इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक बाई होती, ख्रिस्ती झालेली, आमच्यातलीच. ती रोज मोठ्याने वाचायची, आमच्याच भाषेत, आणि त्यातही देवाला कुदाईच म्हटलेलं होतं. बुरुलचा घरी आली ती जेवायला लागली, आणि पुढच्या वसंतात त्या लोकांबरोबर नदीत बुडी मारून ख्रिस्ती होऊन आली. नदी गावाच्या मधून जाते. सगळ्यांनी पाहिलं.

तिचा भाऊ शारशे त्याच संध्याकाळी आला. मोठा प्रेमाचा भाऊ, पण डोकं तापट.

“आपल्या कुदाईत काय कमी पडलं होतं तुला?”

“आपल्याच कुदाईचं एक नवीन कळलं रे. त्याचाही मुलगा गेला होता. इतकी वर्षं त्याला हाका मारल्या, मला कुणी सांगितलंच नाही.”

“तोबा, तोबा. त्याला कुठला मुलगा?”

“तू चहा पी,” ती म्हणाली.

शारशे चहा प्यायला. गावाने मात्र तिच्याकडे चहा पिणं सोडलं. मयत झाली की लोक मला न्यायला यायचे, कुंपणाबाहेर उभे राहून मागायचे आणि ती द्यायची. माणसाला गरज लागते तिथे तो सोवळं सोडतो, एवढं मी पाहिलं आहे.

गेल्या वर्षी उन्हाळा सरत आला तेव्हा आम्ही वरच होतो. बुरुलचा आजारी पडली म्हणून साल्किन सासरहून आली होती. ती नमाज पढणारी; आईचं हे वागणं तिला कधी आवडलं नाही, पण आईवर राग धरणं तिला जमलं नाही. एका पहाटे विस्तव विझत आला होता. बुरुलचा कुशीवर वळली आणि म्हणाली, “ऐ कुदाई, गार पडलं गं. वरचं ओढून घे.” साल्किनने बाहेर जाऊन दोर ओढला, माथ्यावरचं चाक झाकलं. ती आत येईपर्यंत आई गेली होती.

मला उतरवलं, तिला आणि मला एकाच ट्रकमधून गावात आणलं. अंगणात मला उभं केलं, पडद्यामागे तिला ठेवलं. साल्किन भिंतीकडे तोंड करून बसली आणि कोशोक गाऊ लागली. चहा सोडलेल्या सगळ्या बायका आल्या, तिच्या शेजारी बसून खऱ्या आसवांनी रडल्या. बाहेर पुरुष मात्र नुसते बसून होते. बाटलेल्या बाईसाठी टेकडीवर खड्डा खणायला कुणी कुदळ उचलत नव्हतं.

शारशे आत आला, भाचीजवळ वाकला. “पोरी, एवढंच म्हण की शेवटी तिने कलमा म्हटला. ऐकायला तू एकटीच होतीस.”

“मामा, नाही म्हटला तिने.”

“मला का ठाऊक नाही? म्हणून तर तुला सांगतोय.”

साल्किनने नकारार्थी मान हलवली. मी मनात म्हणत होतो, म्हण गं, काय जातं तुझं? पण ती आईसारखीच होती.

मग मोल्दो आले. एसेनकुल मोल्दो म्हणजे गावाला नमाज पढवणारे, माणूस मऊ, बुरुलचाच्या शेळ्यांमागे लहानपणी हिंडलेले. पांढऱ्या दाढ्यांचे दोन म्हातारे त्यांच्या मागे दारात उभे राहिले.

“साल्किन, शेवटी काय म्हणाली?”

“‘ऐ कुदाई’ म्हणाली, काका.”

“कोणत्या कुदाईला?” एका म्हाताऱ्याने विचारलं. “आपल्या की त्यांच्या?”

साल्किनने भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. “तिला थंडी वाजत होती, आजोबा. थंडी वाजली की तुम्ही कुणाला हाक मारता?”

म्हातारा खाली बघू लागला. मोल्दो हळूच म्हणाले, “नाव एक असलं म्हणून आत एकच असतो असं नाही, बाळ. गावात शारशे तिघं आहेत. एकाला हाक मारली तर तिघं येतात का?”

“हाक कोण मारतंय त्यावर आहे,” शारशे म्हणाला. “ती हाक मारायची तेव्हा मीच यायचो.”

मोल्दोंनी म्हाताऱ्यांकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, चला, कुदळी घ्या. तेवढ्यात तालुक्याहून एर्मेक आला. त्या ख्रिस्ती लोकांचा पुढारी, तरणा, डोळे रडून सुजलेले. म्हणाला, “ताई, आमच्या जागेत नेऊ आपण. मानाने ठेवू. पण मग इथे कुराण वाचायचं नाही. हे लोक ज्याला हाक मारतात तो वेगळा, आजींचा वेगळा.”

“तेच मी म्हणतोय,” दुसरा म्हातारा म्हणाला.

दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते हे.

“मग माझी आई जन्मभर कुणाशी बोलत होती?” साल्किनने विचारलं. तिने एर्मेकलाही नको म्हटलं. तालुक्याच्या त्या जागेत तिचा बाप नव्हता, भाऊ नव्हता.

दुसऱ्या दिवशी शारशे एकटा कुदळ घेऊन टेकडीवर गेला. वाटेत लोक बसले होते. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसते उठले नाहीत. तो मोल्दोंकडे गेला. मोल्दो म्हणाले, “तिथे त्यांचे बाप आहेत, शारशे. मी एकटा काय करू?” मयत जास्त दिवस ठेवता येत नाही. तिसऱ्या दिवशी शारशे अंगणात आला आणि म्हणाला, “तंबू उतरवा.”

ट्रक वरच्या कुरणात नेला. ओढ्याच्या वर, जिथे इतकी वर्षं मी उभा राहिलो, तिथे गवतात माझा पिवळा गोल उमटलेला होता. शारशेने त्या गोलाच्या मधोमध खणलं. मला ट्रकमधून उतरवलंच नाही. तिला खाली ठेवल्यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. साल्किन खड्ड्याच्या काठाशी बसली. शारशेने हात पसरले, “ऐ कुदाई” म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं ते त्याला कळलं नाही. मग त्याने माती लोटली. मला फार रडू आलं, पण नमद्याला रडता येत नाही, तो नुसता ओला राहतो.

त्या जागी आता मी कधीच उभा राहणार नाही. गावही मला मागत नाही. ‘तिचा तंबू’ म्हणतात.

गेल्या आठवड्यात मात्र एसेनकुल मोल्दो गोठ्याच्या दारात आले. त्यांची आई गेली होती. टोपी हातात होती.

“शारशे, तंबू दे.”

“त्यात माझी बहीण होती. तुझ्या आईला चालेल?”

“चालेल. दोघींचं जमायचं.”

“मला नाही चालणार,” शारशे म्हणाला आणि मेंढ्यांना चारा टाकू लागला.

मोल्दोंनी टोपी डोक्यावर घातली आणि ते वळले. मी आतून ओरडत होतो, दे रे शारशे, बुरुलचाने कधी नाही म्हटलं होतं का? पण माझं कोण ऐकतं. मोल्दोंच्या आईला कापडी छताखाली ठेवलं. कुंपणापलीकडून मोल्दोंच्या बहिणीचा कोशोक दिवसभर ऐकू येत होता. शारशे दारात बसून ऐकत होता आणि डोळे पुसत होता, पण उठला नाही.

बाबांनो, मी एकट्याने उभा राहत नाही. एक जण चाक वर धरतो, बाकीचे काठ्या लावतात, तेव्हा कुठे मी घर होतो. तुम्ही आता एकमेकांच्या अंगणात येत नाही, म्हणून मी इथे कुजतोय. कसरीने मला संपवायच्या आत कुणाचं तरी मेलेलं माणूस माझ्यात आणून ठेवा. ते जाताना कुणाला हाक मारत होतं, ते मी कुणाला सांगणार नाही.