घशात अडकलेले कण

शर्मिष्ठा इंगळे अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत काम करते. दम्याच्या इनहेलरमधून उडालेले औषधाचे कण श्वासनलिकेत कुठे जाऊन चिकटतील, याचं गणित तिथे संगणकावर मांडतात. एका वेळी लाखो कण सोडायचे. त्यातल्या प्रत्येकाजवळ भिंतीचा कुठला तुकडा आहे हे शोधण्यातच सगळा वेळ जायचा. म्हणून तिने उन्हाळाभर खपून ऑक्ट्री नावाच्या पद्धतीचा नवा प्रोग्रॅम लिहिला. सगळी जागा एका खोक्यात घालायची, खोक्याचे आठ भाग करायचे, ज्या भागात भिंत असेल त्याचे पुन्हा आठ, असं बारीक करत जायचं. मग कणाला फक्त आपल्या खोक्यापुरतं बघावं लागतं.

सोमवारी सकाळी ऑक्ट्री पहिल्यांदा पूर्ण चालली. एरवी दिवसभर चालणारं काम चहा संपायच्या आत झालं. मग तिने उत्तर पाहिलं. जुन्या प्रोग्रॅमने सांगितलं होतं की बरंचसं औषध फुप्फुसात पोचतं. नवा म्हणत होता, जवळजवळ सगळं घशातच चिकटतं.

"रसेल, जरा इकडे ये ना."

रसेल परेरा तिच्या शेजारीच बसतो. मनोरीचा, रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून येतो. त्याने पडद्यावर दोन्ही उत्तरांची चित्रं बघितली. "वाट लागली. दोघांतला एक खोटं बोलतोय."

"कुठला?"

"मला काय विचारतेस? दोन्ही तूच लिहिलेत."

खरी भीती वेगळीच होती. जुन्या उत्तरावर विसंबून मुलुंडच्या एका कारखान्याने इनहेलरच्या तोंडाचा आकार ठरवला होता, आणि त्याचा साचा आजच कापला जाणार होता. तिथल्या अनिरुद्ध साठ्यांना तिने फोन लावला.

"सर, साच्याचं काम थांबवता येईल का?"

"का? काय झालं?"

"आमची दोन उत्तरं जुळत नाहीयेत. कुठलं बरोबर ते मला अजून माहीत नाही."

"मॅडम, पोलाद मशीनवर चढलंय!"

"म्हणूनच आत्ता फोन केला."

ते मशीनवाल्याशी काहीतरी बोलले आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबतो. त्यापुढे नाही जमणार."

तिने फोन ठेवला. रसेलने खुर्ची जवळ ओढली. "घसाबिसा सोड गं. सरळ आडवी नळी घे. हळू हवा, कण आपोआप खाली बसणार. किती बसतील ते कागदावर काढता येतं."

दोघांनी कागदावर काढलं. मग तीच नळी दोन्ही प्रोग्रॅमना दिली. जुन्याचं उत्तर कागदाशी जुळलं. नव्याने भलतेच जास्त कण चिकटवले.

"जुना बरोबर आहे!" रसेल म्हणाला.

"थांब रे. नवा का चुकतोय ते कळल्याशिवाय मी त्यांना काही सांगणार नाही."

नव्या प्रोग्रॅममधला एकच कण निवडून तो कुठून कसा जातो ते ती बघत बसली. कण भिंतीपासून चांगला लांब होता, आणि तरीही मधेच हवेत थांबला. पुढे 'चिकटला' अशी नोंद. तिने कपाळावर हात मारला. वेळ वाचावा म्हणून तिनेच एक आडमार्ग ठेवला होता: भिंत असलेल्या सगळ्यात लहान खोक्यात कण शिरला, की तो चिकटला असं धरायचं. खोकी कणाइतकी बारीक असती तर ते खपून गेलं असतं. पण मेमरी पुरेना म्हणून खोकी तोडणं अर्ध्यावरच थांबत होतं. त्या मोठाल्या खोक्यांतून नुसते जवळून जाणारे कणही अडकवले जात होते.

तिने आडमार्ग काढून टाकला. खोकं फक्त शोधायला वापरायचं, भिंतीपर्यंतचं अंतर मात्र खरंखुरं मोजायचं. नळी जुळली. मग घसा. दोघंही पडद्याकडे बघत उभे राहिले. वेळ थोडा जास्त लागला, पण जुन्या प्रोग्रॅमच्या मानाने काहीच नाही. आणि कण निमूटपणे खाली फुप्फुसात उतरत गेले, जुन्या उत्तरात गेले होते तसेच.

"झकास!" रसेल ओरडला. शर्मिष्ठाला हसू आलं आणि डोळेही भरले. ती खुर्चीत बसली, सँडल काढून पाय लांब केले आणि मग फोन उचलला.

"साठे सर, साचा कापा. आकार बरोबर आहे. चूक नव्या प्रोग्रॅममध्ये होती, तो अजून कुणाला दिलेला नाही."

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. "मॅडम, सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा उतरत नव्हता हो." मग म्हणाले, "पण थांबवलंत ते बरं केलंत. कळवलं नसतंत आणि मागाहून कानावर आलं असतं, तर पुढे विश्वास ठेवला नसता."

रसेल डबा गरम करायला निघाला होता. तिला एकदम कडकडून भूक लागली.