हलका दगड

माझे बूट लागत होते, तिथूनच सुरुवात करावी लागेल. बूट लागत नसते तर मी गोवालच्या मागोमाग चाललो असतो, तो काय करतो ते बघितलं असतं, का करतो ते तोंडाने विचारलं असतं. पण बुटांवर ढकलून मला मोकळं होता येत नाही. बारा वर्षं प्रयत्न करून झाला.

मी चुडामण, राहणार ब्राह्मणपुरी. सन चौतीसमध्ये जंगल खात्यात नाकेदार म्हणून लागलो आणि मला अक्राणीच्या डोंगरात टाकलं. मी सपाटीवरचा माणूस. आमच्याकडे वाट म्हणजे गाडीवाट, दोन चाकोऱ्या दिसल्या की निघायचं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. डोंगरातली वाट दर पावसाळ्यात मोडते आणि दर दसऱ्याला नव्याने शोधावी लागते, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. दरड येते, नाल्यावर टाकलेलं लाकूड वाहून जातं, काल जिथे पाय ठेवला तिथे आज नुसती हवा.

म्हणून खात्याचा हुकूम होता. दसऱ्याआधी प्रत्येक नाकेदाराने आपल्या हद्दीतल्या वाटा स्वतः चालून बघायच्या आणि कोणती चालू, कोणती तुटली, हे वाटांच्या वहीत लिहायचं. रेंजरसाहेबांचं घोडं त्या वहीप्रमाणे चढायचं. जुने नाकेदार ही वही बसल्या जागी भरायचे. बाजाराला उतरलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारले की झालं काम. मी नवा होतो, अंगात खाज होती, शिवाय साहेब आठ दिवसांत येणार होते. मी खरोखरच चाललो.

चालत चालत डोंगरमाथ्यावरच्या आंबीपाड्याला पोहोचलो आणि रात्रीपुरता गोवाल पावऱ्याच्या घरी टेकलो. त्याच्या घरी मी आधीही दोनदा जेवलो होतो. त्याची मुलगी धनुबाई पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मागच्या खेपेला तिने मला ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली होती आणि माझे खात्याचे बूट उचलून, वजन करून, पोट धरून हसली होती. या खेपेला ती आतल्या अंगाला पडून होती आणि हसत नव्हती. दोन दिवस अडली होती. पाड्यातल्या म्हातारीने हात टेकले होते. आता एकच उपाय, तिला झोळीत घालून खाली उतरवायचं, पायथ्याला गाडी गाठायची आणि तळोद्याच्या दवाखान्यात न्यायचं.

उजाडताच झोळी तयार झाली. जाड बांबू, त्याला गोधडी बांधलेली. खांदा द्यायला चौघे होते. धनुबाईचा नवरा उदेसिंग, भाऊ रेवजी आणि शेजारचे दोघे. गोवाल मात्र झोळीला लागला नाही. कमरेला कोयता खोचून एकटाच पुढे निघाला.

"मी पुढे जास, वाट देखस," तो मला म्हणाला. आपसात ते पावरीत बोलत, माझ्याशी मोडक्या अहिराणीत. "त्या मांगेथून येतीन. तुले बी खाले जानं शे ना, नाकेदार दादा? चाल."

मला हे फारच सोयीचं वाटलं. पुढे वाट शोधणारा जाणता माणूस, मागे वही घेतलेला मी. फुकटात वही भरणार होती. मागे सुटकेची वाट बघणारी एक बाई होती, हे मला माहीत होतं, वाईटही वाटत होतं. पण वहीचा आनंद त्याहून जास्त होता. आज लाज वाटते म्हणून ते लपवणार नाही.

घाटात वाटेला तीन ठिकाणी फाटे आहेत. पहिल्या फाट्याला गोवाल थांबला, डाव्या वाटेने खाली उतरला आणि घटकाभराने घाम पुसत परत आला.

"हाई वाट गयी. नालावरनं लाकूड नही."

मी दगडावर बसून लिहिलं, 'पहिला फाटा, डावी वाट बंद, उजवी चालू.' मग बूट काढून टाच चोळली. फोड आला होता. तोवर गोवाल पुढे निघून गेला होता.

उठून बघतो तर डाव्या वाटेच्या तोंडावर सागाची फांदी आडवी पडलेली. ताजी तोडलेली, तीन मोठी हिरवी पानं, आणि देठावर नारळाएवढा दगड. बाजूच्या रोपावर कोयत्याचा पांढरा घाव.

राखीव जंगलातला साग! फांदी तोडली तरी गुन्हा, आणि गुन्हा माझ्या हद्दीत. आठ दिवसांनी साहेब याच वाटेने येणार. त्यांना सागावरचा घाव कोसभरावरून दिसतो, असं नाक्यावर सगळे म्हणायचे. खरं तर मी गोवालचं नाव गुन्ह्यात घालायला हवं होतं. पण मुलगी मरणाच्या दारात असलेल्या बापावर गुन्हा कसा लावायचा? मला वाटलं, म्हाताऱ्याने लेकीसाठी डोंगरदेवाला फांदी वाहिली असेल. डोंगरात अशा फांद्या वाहिलेल्या मी बघितल्या होत्या. मी देवाला हात जोडले, चूक पोटात घाल म्हणालो, दगड उचलून बाजूला ठेवला आणि फांदी दरीत भिरकावली. रोपावरच्या घावाला ओला चिखल फासला. म्हाताऱ्याला आपण वाचवलं, असं मनात म्हणत लंगडत पुढे निघालो.

दुसऱ्या फाट्यालाही तेच झालं. तिथे उजवी वाट दरडीखाली गेलेली. गोवालने ते ओरडून सांगितलं, मी लिहिलं, तो पुढे गेला, मी फांदी फेकली. तिसऱ्या फाट्याला जवळची वाट कड्याच्या अंगाने जाते, लांबची वळसा घालून. कड्याची वाट मधोमध तुटली होती. तिथे त्याने फांदी जरा मोठी तोडली होती. मला त्याचा रागच आला. देव झाला तरी एका फांदीत भागायला नको का? तीही फेकली. या वेळी हात जोडायचे राहून गेले.

दुपारच्या आधी आम्ही पायथ्याला पोहोचलो. गोवालने धावपळ करून एक बैलगाडी मिळवली, गवत अंथरलं, वर आपलं घोंगडं टाकलं. मग माझ्याशेजारी येऊन बसला. मी त्याला विडी दिली.

"सूर्य डोकावर येवाना पहिले त्या आठे येतीन," तो म्हणाला.

सूर्य डोक्यावर आला. मग कलला. बैलांनी पुढ्यातलं गवत संपवलं. गाडीवाला दोनदा विचारून गेला. गोवाल उठायचा, घाटाकडे बघायचा, परत बसायचा. त्याच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा कोडं जास्त होतं.

"बाबा, वाट चुकनात का त्या?" मी विचारलं.

"चुकतीन कशा?" तो म्हणाला. "वाईट वाट मी समदी बंद करी उनू."

"बंद करी म्हणजे?"

त्याने माझ्याकडे हा माणूस कुठून आला, अशा नजरेने बघितलं. मग जमिनीवर एक काडी आडवी ठेवली आणि तिच्यावर खडा ठेवला.

"फांदी आडवी टाकी, वर दगड ठेवा. मांगलाले समजस, आठे जानं नही. फांदी नही, ते वाट मोकळी. हाई ते पोरेसले बी माहीत शे."

मी त्या काडीकडे बघत राहिलो. विडी बोटाला चटका देईपर्यंत बघत राहिलो. कोणती वाट चालू, कोणती बंद, हे सगळं सुवाच्य अक्षरात माझ्या खिशात होतं, आणि ज्यांना ते हवं होतं ते डोंगरात होते. फाट्याला आले असतील, फांदी नाही म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या, असं समजले असतील, आणि घाईत असलेला माणूस घेतो तशी प्रत्येक वेळी जवळची वाट घेतली असेल.

"मी देखी येस," म्हणालो आणि उठून पळत सुटलो. बूट तिथेच टाकले. गोवालही मागून आला आणि मला मागे टाकून पुढे गेला. त्याला अजून काही माहीत नव्हतं. चढताना मी ठरवलं होतं, भेटल्याबरोबर सगळं सांगायचं. मारतील तर मारू देत.

तिसऱ्या फाट्याला ते भेटले. झोळी खाली ठेवलेली होती. चौघे तिच्या चार बाजूंना बसले होते आणि कुणीही घाईत नव्हतं. ते बघूनच कळलं. ऊन अजून पिवळं होतं, सूर्य मावळायचा होता. गोवाल वाकला, गोधडी बाजूला केली, लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून बसला. पोटातलं मूल पोटातच गेलं होतं. ओरडून ओरडून तिचा आवाज दुसऱ्या फाट्यालाच गेला होता, असं नंतर रेवजीने सांगितलं.

उदेसिंग बोलत होता. पावरी मला अर्धीच समजायची, पण ते सगळं समजलं. पहिल्या फाट्याला नाल्यापर्यंत उतरले, लाकूड नाही, झोळी घेऊन परत चढले. दुसऱ्याला दरडीत शिरले, गुडघाभर मातीत रुतले, परत आले. तिसऱ्याला कड्यावर गेले. तिथे झोळी वळवायलाही जागा नव्हती. बांबू डोक्यावर धरून उलट्या पावलांनी मागे सरकले, आणि सरकता सरकता ती गेली. फांदी कुठेच नव्हती, तो म्हणाला. एकाही फाट्याला नव्हती. हे तो सासऱ्याला रागाने म्हणत नव्हता, पण म्हणत होता.

गोवाल उठला. फाट्याच्या तोंडाशी जाऊन जमीन बघू लागला. फांदी नव्हती. दगड होता, हातभर बाजूला, मी ठेवला तिथेच. त्याने तो उचलला. या हातातून त्या हातात घेतला, वजन करून बघितलं.

"हलका शे," तो म्हणाला. माझ्याकडे बघून, मला कळावं म्हणून अहिराणीत म्हणाला. "हलका दगड ठेवा मी. वारा फांदी लई गया."

तोंड उघडायची ती वेळ होती. सहा जण उभे होते आणि त्यांतल्या एकालाच खरं माहीत होतं. त्या दिवशी डोंगरात वारा नव्हता, पान हललं नव्हतं. मी तोंड उघडलंही. "चला, आंधारं पडी," एवढंच त्यातून बाहेर आलं. मग मी झोळीला खांदा दिला. मी उपकार केल्यासारखं उदेसिंगने माझ्याकडे बघितलं. अनवाणी पायांनी ती झोळी मी आंबीपाड्यापर्यंत चढवली, आणि प्रत्येक फाट्याला गोवाल क्षणभर थांबून बाजूला पडलेला दगड बघत होता.

वही मी वेळेवर दिली. साहेबांचं घोडं कुठेही अडलं नाही. इतकी खरी वही पहिल्यांदाच बघितली, असं म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला. पुढच्या वर्षी माझी बढती झाली. बदली मात्र मी मागितली नाही. का, ते सांगता येत नाही. दर पावसाळ्यानंतर त्या घाटात जात राहिलो. बढतीनंतरही वही मीच भरायचो, आणि गोवाल वाट शोधायला निघायचा. तो आता कुणासाठीही निघायचा. बाजाराला जाणाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, कुणी नसलं तरी. फाट्यांवर त्याचे दगड वाढत गेले. आधी डोक्याएवढे, मग घागरीएवढे. बाहेरून आलेल्याला वाटायचं, ही कुणाची तरी थडगी आहेत. सागाच्या फांद्या मी एकदाही गुन्ह्यात लिहिल्या नाहीत.

यंदा दसऱ्याआधी गेलो तेव्हा तो तिसऱ्या फाट्याला होता. पाठीचा कणा वाकलेला, हाताला कंप. कड्याच्या वाटेवर फांदी आडवी पडली होती आणि तो एक दगड ओढत होता. दोन माणसांनी उचलायचा दगड. बोटं सोलली होती. त्याने मान वर केली, मला ओळखलं आणि हसला.

"बाबा, धाकला घ्या ना," मी म्हणालो. "इतला मोठा काबर?"

"मोठाच लागस, नाकेदार दादा," तो धापा टाकत म्हणाला. "हलका ठेवा व्हता ना मी. मन्ही पोर गयी."

मी त्याच्या शेजारी बसलो. बारा वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. तो वाट बघत होता, पण वाक्याची नाही. मी हात लावीन, याची.

मी दगडाच्या दुसऱ्या बाजूला हात घातला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो उचलून फांदीवर ठेवला.