लासुर्ण्याच्या चौकातला फ्लेक्स

उन्हात फ्लेक्सवरचा लाल रंग आधी उडतो, निळा मागे राहतो. त्यामुळे लासुर्ण्याच्या चौकात स्वरालीचा चेहरा आता निळसर, थंडीने काकडल्यासारखा दिसतो. ‘परदेशी उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुक म्हणून तिचे चुलते दादासो, गॉगल लावून, फोटोत तिच्यापेक्षा मोठे.

मी इंदापूरहून रोज एसटीने बारामतीला जाते आणि परदेशी कॉलेजांत शिकायला निघालेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. स्वराली माझ्याच वर्गात आहे. तिची निवड झाली हे खरं, पण अटीवर. आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर आमच्याकडे येऊन आधी वर्षभर नुसतं इंग्रजी शिका, असं कॉलेजने कळवलं होतं. परीक्षा तिला जमली नाही. माती हा तिचा शिकायचा विषय, त्याबद्दल ती मराठीत तासभर बोलेल. कानाला हेडफोन लावला की दोन वाक्यांत गप्प होते. अट घरी कळली असती तर वडिलांनी पेरूची बाग विकून तिला त्या जादा वर्षासाठीही पाठवलं असतं. म्हणून तिने सांगितलंच नाही.

“इथेच थांब वर्षभर. तयारी करू,” असं मी कितीदा सुचवलं.

“बघते, मॅडम.”

तेवढ्यात फ्लेक्स लागला.

संध्याकाळी परतताना आम्ही शेजारी बसतो आणि बोलत नाही. दिवसभर परकी भाषा बोलून जबडा दुखतो. चौक आला की ती मान खाली घालून उतरते.

काल तिथे ड्रायव्हर चहाला उतरला. टपरीवरून दादासो माझ्या खिडकीशी आले.

“मॅडम, आमची पोरगी गोऱ्यांना भारी पडंल का आता?”

“तिलाच विचारा.”

“ती कुठं बोलतीय? कवा जाणार म्हणलं की नुसतं हूं. इंग्रजीत मौनव्रत शिकिवता व्हय?”

टपरीवरची माणसं हसली. एकजण म्हणाला, “दादासो, फोटू इटला, पोरगी अजून हितंच.”

“मग नवा लावू की. ह्या बारीला दुप्पट मोठा. उद्याच सांगतो इंदापूरच्या फ्लेक्सवाल्याला.”

स्वराली खाली उतरली होती. तिने सॅक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पहिल्यांदाच मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं.

“काका, नवा लावू नका,” ती म्हणाली. वर्गात बोलते त्याहून जरा मोठ्याने. “हा बी काढा. माझं इंग्रजी कच्चं हाय. मी औंदा जात न्हाय. बारामतीतच शिकणार वर्षभर.”