बस्त्यातला लाल ठिपका

गेले आठ दिवस तोताराम पाटलाच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता, आणि त्याला कारण एक पांढरं खोकं होतं.

खोकं आणलं पलकनं. पलक म्हणजे निर्मलकुमार शेठची मुलगी, पुण्याला एमबीए करून आलेली, आणि आल्या दिवसापासून जळगावच्या त्या साड्यांच्या दुकानात कोणाला स्वस्थ बसू न देणारी. खोक्यात एक चष्मा होता. चष्मा कसला, हेल्मेटचा पुढचा तुकडा म्हणा. डोळ्यांवर चढवला की आजूबाजूचं सगळं बंद आणि आत वेगळाच थाट: लग्नाचा मांडव, समोर आरसा, आरशात तुम्ही, आणि अंगावर दुकानातली पाहिजे ती साडी. उलगडायला नको, घडी घालायला नको.

"बनवला कोणी?" शेठनं विचारलं.

पलकनं कंपनीचं नाव सांगितलं. तीच ती, जिच्यावर सगळं गाव फोटो टाकतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं आणि दुपारपर्यंत त्याच वाढदिवसावरून भांडतं.

"फोटोवाली कंपनी चष्मे कशाला विकते?" तोताराम म्हणाला. "उद्या आपण साड्या सोडून केळीचे घड मांडले तर लोक हसतील ना."

"काका, ती कंपनी राहते कुठे? दुसऱ्यांनी बनवलेल्या फोनमध्ये. फोनवाल्यांनी एक नियम बदलला आणि हिचं धाबं दणाणलं. म्हणून तिला स्वतःचं यंत्र पाहिजे."

शेठनं मांडीवर थाप मारली. "हे मला कळलं. माझ्या वडिलांनी अकरा वर्षं दुसऱ्याच्या ओट्यावर कापड विकलं. गिऱ्हाईक आमचं, माल आमचा, ओटा त्याचा. एका सकाळी तो म्हणाला, उठा. झालं! त्या दिवशी बाप रडला होता. कंपनीवाला शहाणा आहे, बेटी. माझ्यासारखाच विचार करतो."

"आणि दुसरं कारण आहे," पलक म्हणाली. "फोनवर बोट दाबलं तरच कळतं माणसाला काय आवडलं. यात दाबायला नको. आत बारीक कॅमेरे आहेत, ते डोळ्यांकडे बघतात. बाईची नजर कुठल्या साडीवर थांबली, किती वेळ थांबली, सगळं कळतं. समोरच्या टीव्हीवर लाल ठिपका दिसतो. ज्याला गिऱ्हाईकाची नजर कळली, त्याचा माल विकलाच समजा."

बाकीचे हसले. तोतारामच्या मात्र काळजात चर्र झालं. कारण हे वाक्य त्याचं होतं. तीस वर्षं त्यानं नव्या माणसांना हेच शिकवलं होतं.

खानदेशात लग्न ठरलं की बस्ता बांधायला निघतात. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं जीप भरून येतात, दिवसभर गादीवर ठाण मांडतात, नवरीच्या शालूपासून मामेसासूच्या मानाच्या साडीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. त्यात नवरीचं कोणी ऐकत असेल तर शपथ! शालू द्यायचा नवरदेवाकडच्यांनी, म्हणून पसंती सासूची. सुनेनं मान खाली घालून "चालेल" म्हणायचं. तोताराम तिच्या तोंडाकडे बघायचाच नाही, डोळ्यांकडे बघायचा. पोरीची नजर ज्या साडीवर अडकली, ती तो सहज हाताला लागल्यासारखी काढायचा आणि सासूच्या पुढ्यात टाकायचा. "अक्का, ही तुमच्या घराण्याला शोभेल." सासू खूश, पोरीला मनातलं मिळालेलं, आणि हे तो नि ती पोरगी सोडून कोणाला ठाऊक नाही. म्हणून तर यावल-रावेरपासून मुक्ताईनगरपर्यंतची माणसं दुकानात शिरताना आधी विचारायची, तोतारामभाऊ आहेत ना गादीवर?

भाऊ होते. नजर नव्हती.

दीड वर्षापूर्वी भुसावळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी राखायची. आता तोतारामला समोरचं तेवढं दिसे, बाजूचं नाही. आणि गडद रंग सगळे एक होत. मोरपंखी, जांभळा, काळा, सगळा एकच अंधार. तो साड्या कप्प्यांच्या जागेवरून आणि काठाला हात लावून ओळखायचा. चहाचे कप दोनदा लवंडले, तेव्हा "वय झालं" म्हणून हसून घालवलं. बायको बेबाबाई सोडून कोणाला पत्ता नव्हता. आंधळ्याला गादीवर कोण बसवेल?

"काका, आधी तुम्ही घाला," पलक चष्मा घेऊन पुढे आली. "समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. यंत्राला तुमचे डोळे ओळखू देत."

तोतारामच्या तोंडचं पाणी पळालं. "नको बाई, माझं डोकं चढतं. आधीच पित्त आहे."

"दोन मिनिटं फक्त!"

"बस्ता होऊ दे मंगळवारचा. मग बघ तू म्हणशील तसं."

मंगळवारपर्यंत तरी सुटका झाली. वरणगावला घरी आल्यावर त्यानं बेबाबाईला सगळं सांगितलं. ती डोळ्यांत थेंब टाकता टाकता थांबली.

"शेठले सांगून काहून टाकत नही तुमी? तीस वर्सं झाले. खाऊन टाकीन का तो?"

"आणि सांगून घरी बसू? मले दुसरं काय येतं व?"

बेबाबाईनं दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकला. दुसरं खरंच काही येत नव्हतं. वरणगावची पोरं फॅक्टरीत भरती झाली तेव्हा हा जळगावला साड्या उलगडत होता, आणि त्याला त्याचा कधी पस्तावा झाला नव्हता. गादीवर बसलं की तो कोणीतरी होता. गादीवरून उठवलं तर कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तेच आठ दिवस त्याला कुरतडत होतं.

मंगळवारी अकराला दोन जीप आल्या. मुलगी यावलची, डिंपल. वडील चुडामणभाऊ, केळीवाले, गरीब स्वभावाचे. मुलाकडची मुक्ताईनगरची. तिकडून सासूच सगळं बोलत होती. नाव रत्नाबाई, आवाज असा की गल्लीतल्या रिक्षावाल्यानं वळून बघावं.

पलकनं हौसेनं डिंपलला मधोमध बसवलं, चष्मा चढवला आणि टीव्ही लावला. "तिला आत जे दिसेल ते तुम्हाला इथे दिसेल!" लाल ठिपक्याचं तिनं बायांना सांगितलं. डिंपलला मात्र, चष्म्याच्या धांदलीत, सांगायचं राहूनच गेलं. इथेच माशी शिंकली.

टीव्हीवर मांडव आला, आरसा आला, साड्यांची ओळ आली, आणि त्यांच्यावरून फिरणारा लाल ठिपका आला. टीव्ही तोतारामच्या नाकासमोर होता. ठिपका त्याला स्वच्छ दिसला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला गिऱ्हाईकाची नजर दिसत होती! खोटं कशाला सांगा, त्याला आनंद झाला. हे यंत्र दुकानात राहिलं तर अजून दहा वर्षं गादी हलत नाही. उगाच घाबरलो आपण, त्याला वाटलं.

"हा मरून पाह्य बरं," रत्नाबाई म्हणाली. "कसा वाटतो?"

"छान आहे. चालेल," चष्म्याआडून डिंपल म्हणाली.

ठिपका मरूनवर नव्हता. तो ओळीच्या टोकाला एका गडद साडीवर जाऊन बसला होता.

"बरं, राणी कलर?"

"तोही छान आहे."

ठिपका क्षणभर राणीवर आला आणि परत टोकाला गेला. मागे बसलेली कोणीतरी फिसकन हसली. "तोंडानं राणी न् नजर कुठी!" दुसरीनं पदर तोंडाला लावला. डिंपल बिचारी समजली की चष्मा घालून आपण वेंधळ्या दिसतोय म्हणून हसतात. तीही थोडी हसली. आणि तिची नजर पुन्हा, सगळ्यांदेखत, त्याच साडीवर गेली.

तोतारामचा आनंद तिथेच मेला. तीस वर्षं जी गोष्ट त्यानं या पोरींची या कानाची त्या कानाला कळू दिली नव्हती, ती आज भिंतीवर टांगली होती. आणि पोरीला पत्ताच नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माय माय माय!" रत्नाबाई एकदम ओरडली. "काळी! लगनाच्या बस्त्यात पोरीची नजर काळ्यावर? हे काय लक्षण व?"

हसणं बंद झालं. डिंपलनं घाबरून चष्मा ओढून काढला आणि टीव्हीकडे पाहिलं. ठिपका आता नव्हता, पण काय झालं ते तिला कळलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काळी नसंल हो ती, इहीनबाई," चुडामणभाऊ हात जोडल्यासारखे करत म्हणाले. "टीव्हीत तशी दिसत असंल."

"मंग मी काय आंधळी हाय?"

पलक मध्ये पडली, "अहो मावशी, निळी आहे ती, नेव्ही ब्लू," पण तिचं कोण ऐकतंय. दुकानवाले विकायचं तेच बोलणार. रत्नाबाईनं हात हलवून तिला गप्प केलं आणि तोतारामकडे वळली. "तोतारामभाऊ, माह्या लगनाचा शालू तुमी काढून दिला होता. तुमच्या शब्दाबाहेर मी नही. काढा ती साडी, हातात घ्या, न् सांगा. काळी का निळी? काळी असंल तर मले या पोरीचा इचार करा लागंल."

तोताराम उठला. टीव्हीवरचा काठ त्यानं ओळखला होता, कप्पा पाठ होता, साडी हाताला लागली. काठ जरीचा, चौकड्यांचा. या काठात दोन रंग आले होते, हे त्याला आठवलं. एक गडद निळा, एक काळा, संक्रांतीसाठी मागवलेला. दोन्ही याच कप्प्यात. हातात आली ती कुठली?

त्यानं साडी ट्यूबलाइटखाली धरली. जवळ धरली, लांब धरली. अंधार. नुसता अंधार. मागे वीस माणसं श्वास रोखून बसली होती. शेठ गल्ल्यावरून बघत होते. 

'निळी' म्हणून मोकळं व्हावं. बसला तर बसला डाव. पण हातात काळी असेल तर? उद्या उन्हात रत्नाबाईला दिसेल, सगळ्यांना दिसेल. तोतारामनं खोटं सांगून काळी गळ्यात मारली असं होईल, आणि खापर फुटेल ते पोरीच्या डोक्यावर. मोडेलसुद्धा. कितीक सोयरिकी याहून हलक्या गोष्टीवरून मोडलेल्या त्यानं पाहिल्या होत्या.

"बोला ना भाऊ," रत्नाबाई म्हणाली.

तोतारामनं साडी खाली घेतली.

"अक्का, मले दिसत नही."

"काय?"

"मले काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. काळा, निळा, मले एकच दिसतो." एकदा बोलायला लागला तो आता थांबेना. "रंगाचं मी सांगू नही शकत. त्या ठिपक्यालेही रंग कळत नही, तो नुसता बोट दाखवतो. जिनं पाहिलं तिलेच विचारा. पोरी, तू सांग मले. आंधळ्या माणसाले सांगायला लाजायचं नही. ह्या साडीत काय पाहिलं तू?"

 डिंपलनं बापाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग ती उठून तोतारामजवळ आली आणि त्याच्या हातातल्या घडीचा पदर उलगडला.

"ही काळी आहे, काका," ती म्हणाली. रत्नाबाईनं तोंड उघडलं, पण डिंपल थांबली नाही. तिनं कप्प्यात हात घालून खालची घडी ओढली. "ही निळी. मी ही बघत होते. रात्रीचं लग्न आहे, पिवळ्या लाइटात ही खुलून दिसेल, असं मनात आलं." आणि मग सासूकडे वळून, हळू पण स्पष्ट, "आई, मला ही आवडली. तुम्ही नको म्हणाल तर मरून नेसेन. पण आवडली ही."

रत्नाबाई दोन्ही साड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. निळी तिनं खिडकीपाशी नेली. उन्हात ती निळी होती, वादच नव्हता.

"मंग हे आधी तोंडानं सांगता येत नव्हतं?" ती करवादली. "आमी काय वाघ हाओ?" आणि पलकला म्हणाली, "बांधा ही. मरूनही बांधा. न् ते खोकं ठेवून दे व माय, लोकाच्या पोरीच्या डोळ्यात काय पाहता!"

चुडामणभाऊंनी जाताना तोतारामचे दोन्ही हात धरले.  जीप गेल्या, तेव्हा चार वाजले होते. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. पलकनं चष्मा खोक्यात ठेवला आणि तोतारामकडे न बघता वर निघून गेली. तिचे डोळे भरले होते.

शेठ गल्ल्यावरून उठून गादीच्या काठाशी येऊन बसले.

"दीड वर्ष?"

"हो, शेठ."

"मला का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

शेठनं मान खाली घातली. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. ते म्हणाले, "उद्या येऊ नका. डोळे दाखवून या. मग गादीचं बघू."

तीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. गिऱ्हाईक 'बघू' म्हणून उठलं, की आपण साडीची घडी घालायला घ्यायची असते. तोताराम "बरं" म्हणाला, आणि ढिगातली पहिली साडी पुढे ओढून त्यानं घडी घालायला सुरुवात केली.